अरण्यांतील बाळंतीण आणि तिचा आधार

बाळंतिणीचें नांव काढलें कीं शहरांतील सुशिक्षित कुटुंबाच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. माहेरची खोली, खाटेखालीं निखाऱ्यांची शेगडी, ओवा-शेपांचा धूर, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, अंगाला तेल चोळणारी बाई, आणि उंबऱ्यापाशीं बसून बाळाचें नाक कोणासारखें याचा वाद घालणाऱ्या दोन मावश्या. शरीराची एवढी बडदास्त आपल्या समाजांत क्वचितच दुसऱ्या कोणाची होत असेल. परंतु त्या सव्वा महिन्यांत खाटेवरील बाईच्या मनांत काय चाललें आहे, ही चौकशी त्या चित्रांत कोठेंच दिसत नाहीं. ती रडूं लागली तर दृष्ट काढावयाची. तिला झोप येईना तर बाळ रडतें म्हणून येत नाहीं असें समजावयाचें. बाळाला ती जवळ घेईनाशी झाली तर शेजारणीनें टोमणा मारावयाचा. आणि ती भलतेंच कांहीं बोलूं लागली तर बाहेरचें झालें म्हणून देवर्षाला बोलवावयाचें. एवढ्यावर विषय संपे.

आपल्या पूर्वजांना गरोदर स्त्रीचें मन ठाऊकच नव्हतें असें मात्र नव्हे. डोहाळे हा शब्दच पाहा. तो संस्कृत दोहदापासून आला, आणि चरक-सुश्रुतांनीं गर्भिणीला दोन हृदयांची मानिलें आहे : एक तिचें स्वतःचें व एक गर्भाचें. म्हणून तिची इच्छा डावलूं नये, तिला भय किंवा शोक होऊं देऊं नये, असा त्यांचा उपदेश. काश्यपसंहितेंत तर सूतिकेच्या रोगांचा स्वतंत्र विचार केलेला आढळतो. व्यवहारांत मात्र चमत्कार असा झाला कीं, बाळ जन्मलें म्हणजे दोन हृदयांपैकीं एक पाळण्यांत गेलें आणि घरांतील सर्वांचें लक्षहि त्याच्याबरोबर पाळण्यांत गेलें. डोहाळजेवणाला ज्या बाईच्या पुढें दहा पदार्थ मांडून ‘काय हवें?’ असें विचारलें, तिला तीन महिन्यांनंतर तोच प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

पाश्चात्य वैद्यांची गोष्ट फारशी निराळी नव्हती. १८५८ सालीं पॅरिस येथील मार्से नांवाच्या वैद्यानें गरोदर, बाळंत व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यानें पाहिलेल्या स्त्रिया बहुतेक वेड्यांच्या इस्पितळांतील होत्या. म्हणजे दुःख इतकें वाढल्यावर, कीं घरच्यांना तें सोसवेना, मग तें वैद्याच्या दृष्टीस पडलें. नागपुरासहि १८६४ सालीं असें इस्पितळ निघालें. चांदा जिल्ह्यांतील माणसास मनोविकारासाठीं जवळांत जवळ सरकारी दार पुढें कित्येक वर्षें तेंच होतें. आणि अंगावर मूल असलेली बाई त्या दाराशीं पोंचली तरी मूल बाहेर ठेवूनच तिनें आंत जावयाचें, हें न सांगतां समजण्यासारखें आहे.

महाराष्ट्रांत संकटांतील मातेसाठीं पहिलें निराळें दार उघडलें तें पुण्यास, १८६३ सालीं. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें. वाट चुकलेल्या किंवा फसविल्या गेलेल्या विधवा लोकलज्जेस्तव जन्मलेल्या अर्भकाचा गळा दाबीत, विहीर जवळ करीत. त्यांनीं येथें यावें, गुप्तपणें बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवून जावें, अशी ती सोय होती. या संस्थेच्या इतिहासांतील एक लहानशी गोष्ट येथें मुद्दाम नमूद केली पाहिजे. नुसतें गृह काढून फुले दांपत्य स्वस्थ बसलें नाहीं. ज्या वस्त्यांत अशा विधवा राहत, तेथील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर त्यांनीं जाहिराती लावविल्या. मदत आहे एवढ्यानें भागत नाहीं. ती कोठें आहे हें जिला गरज तिच्या दृष्टीस पडलें पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें. १८८४ पर्यंत ३५ विधवा त्या घरीं आल्या. सव्वाशें वर्षांनंतर जीं सरकारी पत्रकें निघालीं, त्यांतील पुष्कळशीं कचेरीच्या भिंतीवर, कचेरींत येणाऱ्यांसाठीं लागतात. त्यांच्यापुढें ही जुनी युक्ति अधिक शहाणपणाची वाटते.

दुसरें उदाहरण आनंदीबाई जोशी यांचें. चौदाव्या वर्षीं त्यांना मुलगा झाला आणि योग्य वैद्यकीय मदतीच्या अभावीं तो दहाव्या दिवशीं गेला. त्या दुःखाचा वृत्तान्त चरित्रकार दोन ओळींत सांगतात आणि अमेरिकेच्या प्रवासाकडे वळतात, कारण पुढची कथा दिपविणारी आहे : १८८३ सालीं प्रयाण, १८८६ च्या मार्चमध्यें फिलाडेल्फियास वैद्यकाची पदवी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास अवघ्या एकविसाव्या वर्षीं मृत्यु. पदवीसाठीं त्यांनीं प्रबंध लिहिला तो मात्र हिंदु समाजांतील प्रसूतिशास्त्रावर. दहा दिवसांच्या त्या बाळाची आठवण या विषयाच्या निवडींत नसेल असें कोण म्हणेल? सर्वांना असा मार्ग सांपडत नाहीं. बहुतेक आया दुसऱ्या दिवशीं जात्यावर बसतात.

आतां चांद्याकडे वळावें. चंद्रपूर आणि गडचिरोली हे आजचे दोन जिल्हे म्हणजे जुना चांदा. येथें गोंड राजांनीं शतकानुशतकें राज्य केलें. राणी हिराईनें पतीच्या स्मरणार्थ बांधविलेली समाधि चंद्रपुरांत अजून उभी आहे. बायकोनें नवऱ्यासाठीं बांधलेलें एवढें भव्य स्मारक आपल्याकडे विरळा. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें आणि चांदा इंग्रजांच्या हातीं गेला. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वैनगंगेच्या पूर्वेकडील प्रदेश वेगळा काढून गडचिरोली जिल्हा झाला. त्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग अजून झाडीखालीं आहे. उत्तरेकडे धानाचीं शेतें व तळीं, दक्षिणेकडे साग, ऐन आणि बांबू. प्राणहिता, गोदावरी व इंद्रावती या नद्या सीमेवर. भामरागड हें तालुक्याचें ठिकाण गडचिरोलीपासून सुमारें पावणेदोनशें किलोमीटर; पावसाळ्यांत पर्लकोटा नदीला पूर आला कीं तें गांव बाकीच्या जगापासून तुटतें. भाषा तरी किती! माडिया, गोंडी, मराठी, छत्तीसगढी, सिरोंच्याकडे तेलुगु, निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली. बाईला आपलें दुखणें सांगावयाचें तर प्रथम कोणत्या भाषेंत, हाच प्रश्न.

या मुलखांत मातीच्या भिंतींमागें बाळंतपणें होत राहिलीं आणि त्यांची दाद कोणाला नव्हती. जंगलखात्याच्या वह्यांत सागाच्या खोडाचा घेर बिनचूक लिहिला जाई. माणसाचें तेवढें बिनचूक लिहिण्याची गरज कोणास भासली नाहीं. उन्हाळ्यांत मोहफुलें वेंचावयाचीं, मग तेंदूचीं पानें तोडावयाचीं, पाऊस पडला कीं धानाची रोवणी. यांत सव्वा महिना खाटेवर बसण्याची चैन कोठून असणार? तरी माडिया गांवांत बाईला एक जागा होती, तिचें नांव कुर्मा घर. पाळीच्या दिवसांत तिनें गांवाकडेच्या त्या झोपडींत राहावयाचें. ती झोपडी बहुधा अपुरी, अंधारी, साप-विंचवांना मोकळी. त्यामुळें राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारास ही चाल बंद करण्याविषयीं कळविलें. निषेध योग्यच आहे. पण एवढ्यानें प्रश्न पुरता समजला असें होत नाहीं. जेथें घरीं क्षणाचीहि उसंत नाहीं, तेथें सक्तीनें कां होईना चार दिवस काम सुटतें आणि दोघी-तिघी बायका एकत्र असल्या तर पुरुषांच्या कानांआड बोलतांहि येतें. झोपडी वाईट आहे; तेथें होणारें बोलणें वाईट नाहीं. तें बोलणें दुसऱ्या कोणत्या छपराखालीं होईल याची तजवीज न करतां नुसती झोपडी मोडणें हें अर्धें काम झालें. अलीकडे कांहीं गांवांतून पक्क्या, स्वच्छ खोल्या बांधण्यांत आल्या आहेत, तो मधला मार्ग होय.

बाहेरून आलेली पहिली मोठी मदत भामरागडजवळ हेमलकसा येथें पोंचली. बाबा आमटे यांनीं १९७३ च्या डिसेंबरांत तेथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तो चालविला. प्रारंभीं माडिया लोक परक्यांना पाहून पळून जात. त्यांची भाषा शिकूनच दवाखाना चालला. उत्तरेस कुरखेड्याच्या भागांत ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ या संस्थेनें पुढें काम उभें केलें. परंतु बाळंतिणीचें दुखणें मोजून जगापुढें मांडण्याचा मान गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेकडे जातो, आणि त्या कथेवर थोडें थांबलें पाहिजे.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं गडचिरोलीस तेंदूपानांच्या एका जुन्या गुदामांत ही संस्था सुरू केली. राणीबाई स्त्रीरोगतज्ज्ञ. स्त्रिया त्यांच्यापाशीं बोलूं लागल्या तेव्हां असें ध्यानांत आलें कीं, सरकारी आरोग्यव्यवस्थेला स्त्री दिसते ती फक्त पोटांत मूल असतांना किंवा तें होऊं नये म्हणून. एरवीं तिला शरीर आहे हेंच कोणाच्या गांवीं नाहीं. म्हणून वसा व अमिर्झा या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी झाली. तिचा निकाल १९८९ सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला : शंभरांतील ९२ स्त्रियांना कांहींना कांहीं स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वीं तशी तपासणी झालेल्या शंभरांत फक्त ८ होत्या. जगभर या आंकड्यांनीं खळबळ माजविली. स्त्रिया मुक्या नव्हत्या, ऐकणारा नव्हता. राणीबाईंनीं पुढें ‘कानोसा’ या पुस्तकांत या बायकांच्या स्वतःच्या समजुती व अनुभव मांडले. नांवच सर्व कांहीं सांगतें.

संस्थेचें कायमचें ठिकाण शोधग्राम गडचिरोलीपासून सुमारें १७ किलोमीटरांवर, धानोऱ्याच्या वाटेवर आहे. तेथील रुग्णालय बांधतांना आदिवासींनाच विचारलें कीं तुम्हांला दवाखाना कसा हवा? त्यांनीं आपली भीति सांगितली. मोठ्या इमारतींत माणूस हरवतें, पांढऱ्या कपड्यांतील लोक मढ्याची आठवण करून देतात, आणि मुख्य म्हणजे आजाऱ्याला आंत ठेवून नातेवाइकांना बाहेर काढतात. म्हणून तेथें एका प्रशस्त इमारतीऐवजीं खेड्यासारख्या झोपड्या झाल्या, रोग्याजवळ घरच्यांना राहण्याची मुभा झाली, आणि रुग्णालयास त्यांच्या देवीचें, दंतेश्वरीचें, नांव मिळालें.

ही केवळ रानटी हट्टाची गोष्ट समजूं नये. विलायतेंत १९४८ सालीं लंडनजवळच्या कॅसल इस्पितळांत टॉमस मेन या मनोविकारतज्ज्ञानें आजारी आईला तिच्या मुलासह दाखल करून घेतलें, तेव्हां तो वैद्यकांतला एक नवा विचार ठरला. आपल्या देशांत आई आणि मूल यांचा एकत्र मनोविकार-विभाग बंगलोरच्या ‘निम्हान्स’मध्यें २००९ सालीं निघाला. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यानें, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, असें ठरविलें कीं तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः तोडूं नये. गडचिरोलीच्या जंगलांतील माणसानें जें भीतीपोटीं मागितलें, तेंच तज्ज्ञ व कायदेपंडित आपापल्या वाटांनीं येऊन मान्य करते झाले.

यानंतरचें काम प्रसिद्ध आहे. १९९३ ते १९९८ या काळांत ३९ खेड्यांतून गांवच्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविण्यांत आलें. त्या बाळंतपणाला हजर राहत, घरोघर जाऊन नवजात बाळाचें वजन करीत, ताप पाहत, श्वास मोजीत, जरूर तर इंजेक्शन देत. नवजात बालकांचा मृत्युदर हजारीं ६२ वरून सुमारें २५ वर आला. १९९९ सालीं हा निकाल प्रसिद्ध झाला आणि २०११ सालीं केंद्र सरकारनें हीच पद्धत आशा सेविकांमार्फत देशभर घेतली. बाळें वांचलीं, हें यश कमी नव्हे.

पण त्याच खेड्यांत, त्याच बायकांच्या वह्यांत आणखी एक गोष्ट नोंदली गेली, आणि तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९९५-९६ या एका वर्षांत ७७२ बाळंतिणींच्या प्रसूतीपासून पुढें महिनाभराच्या दुखण्यांची टिपणें ठेवण्यांत आलीं. निम्म्याहून अधिक, शंभरांत ५२·६, स्त्रियांना कोणता तरी त्रास झाला. तो निबंध २००४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत रखडलेलीं बाळंतपणें आहेत, रक्तस्राव आहेत, स्तनांचीं दुखणीं आहेत, जंतुदोष आहेत. आणि त्या यादीच्या शेवटीं-शेवटीं एक साधा शब्द आहे : निद्रानाश. शंभरांत ७·४. म्हणजे ७७२ पैकीं सुमारें ५७ बायका.

या आंकड्याचा अर्थ जपून केला पाहिजे. झोप न येणें म्हणजे मनोविकार नव्हे. तान्हें मूल कुशींत असलें कीं कोणत्या आईला पुरी झोप मिळते? परंतु येथें एक मौज आहे. बाळ रडतें म्हणून जागी राहिलेली बाई तें दुखणें म्हणून सांगत नाहीं, आणि सांगितलें तरी खेड्यांतील शहाणी आरोग्यदूत तें दुखणें म्हणून लिहीत नाहीं. बाळ झोपलें असतांहि आई छपराकडे पाहत पडून राहते, ही गोष्ट वेगळी. कष्टानें मोडलेल्या देहाला झोप येऊं नये हेंच जंगलांतील बाईला नवल वाटतें. उदासीनता, खिन्नता हे शब्द तिच्या तोंडीं येणार नाहींत, ‘झोप लागत नाहीं’ हे येतील. मनाचें दुखणें गरिबाच्या घरीं शरीराचा वेष घेऊनच येतें. डोकें दुखतें, हातापायांत गोळे येतात, अन्न गोड लागत नाहीं. त्या ५७ पैकीं किती जणींच्या उशाशीं खरोखर दुःख बसलें होतें, हें त्या वह्या सांगूं शकत नाहींत, कारण तो प्रश्न विचारण्याची तेव्हां रीतच नव्हती.

ती रीत अन्यत्र सुरू झाली होती. बाळंतिणीची खिन्नता ओळखण्यासाठीं दहा प्रश्नांची एक पट्टी एडिंबरो येथें १९८७ सालीं तयार झाली. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गोव्यांत २७० मातांची पाहणी केली व ती २००२ सालीं प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनीं शंभरांतील २३ आयांना खिन्नतेचा विकार आढळला. त्यांतील पुष्कळ जणी गरोदरपणींच खचलेल्या होत्या. म्हणजे बाळंतपणानें दुखणें आणलें नव्हतें, तें आधींच घरांत बसलें होतें. कारणें शोधतां काय निघालें? गरिबी, नवऱ्याशीं न पटणें, आणि मुलगी झाली ही गोष्ट. यांत औषधाच्या बाटलीनें बरें होईल असें एकहि कारण नाहीं. गोवा म्हणजे साक्षर, दवाखान्यांनीं भरलेला प्रदेश. तेथें चौथी-पांचवी आई दुःखी असेल तर भामरागडविषयीं निश्चिंत राहण्यास आधार काय?

उपायाच्या बाबतींत तर अधिक उत्साहवर्धक बातमी आहे, आणि ती दोन्ही वेळां गरीब खेड्यांतून आली. पाकिस्तानांत रावळपिंडीच्या ग्रामीण भागांत डॉ. आतिफ रहमान यांनीं घरोघर जाणाऱ्या साध्या आरोग्यसेविकांना खिन्न आयांशीं कसें बोलावें हें शिकविलें. सहा महिन्यांनंतर अशा आयांपैकीं शंभरांत २३ खिन्न राहिल्या. जेथें नुसत्या नेहमींच्या भेटी झाल्या तेथें ५३. हें २००८ मधलें. पुढें २०१० सालीं झारखंड व ओरिसाच्या आदिवासी भागांतील निष्कर्ष आले. तेथें ‘एकजूट’ या संस्थेनें गांवोगांवीं बायकांचीं मंडळें भरविलीं. महिन्यांतून एकदां जमावयाचें, बाळ-बाळंतिणीच्या अडचणी गोष्टींतून व चित्रांतून मांडावयाच्या आणि गांवानेंच तोड काढावयाची. मनोविकाराचें नांवहि त्या बैठकींत नव्हतें. नवजातांचे मृत्यु ४५ टक्क्यांनीं घटले. तिसऱ्या वर्षीं त्या गांवांतील आयांची मध्यम प्रतीची खिन्नताहि ५७ टक्क्यांनीं कमी आढळली. गडचिरोलीपासून झारखंड दूर असलें तरी धान, मोह आणि साल-सागाचें रान हा संसार सारखाच. तेव्हां हा दाखला चांद्याला गोव्याच्या दाखल्याहून जवळचा होय.

नवऱ्याशीं न पटण्याचें एक कारण या मुलखांत उघड आहे, तें म्हणजे दारू. येथील बायकांनीं मनाच्या आरोग्याची चळवळ त्या नांवानें कधींच केली नाहीं, दारूबंदीची केली. गडचिरोलींत १९९३ सालीं बंदी झाली. चंद्रपूरच्या स्त्रिया २०१० सालीं चिमूरहून नागपुरापर्यंत विधिमंडळावर चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून त्या जिल्ह्यांतहि बंदी आली आणि २०२१ सालीं ती उठविण्यांत आली. बंदी कितपत पाळली गेली यावर वाद पुष्कळ आहेत व त्यांत तथ्यहि आहे. परंतु रात्रीं झिंगून येणाऱ्या माणसाची वाट पाहत तान्हें मूल पदराखालीं धरून बसणें म्हणजे काय, हें त्या चालत गेलेल्या बायकांना कोणत्याहि दहा प्रश्नांच्या पट्टीवांचून ठाऊक होतें.

आज अशा बाईनें, किंवा तिच्यासाठीं तिच्या आईनें, मदत कोठें शोधावी? पहिलें दार गांवांतच आहे : आशा सेविका. दवाखान्यांत बाळंत झालेल्या बाईकडे तिनें तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळां जावयाचें, घरीं बाळंत झालेलीकडे पहिल्या दिवसासह सात वेळां. अंगणवाडींत गरोदर व स्तनदा आदिवासी स्त्रियांना २०१५ पासून अमृत आहार योजनेंत एक वेळचें गरम जेवण मिळूं लागलें. चार जणी एकत्र जेवतात हा त्या जेवणाचा दुसरा लाभ. दुर्गम भागांतील प्राथमिक आरोग्यकेंद्रांशेजारीं माहेरघरें बांधण्यांत आलीं. दिवस भरत आले कीं बाईनें घरच्या एखाद्या माणसासह व धाकट्या मुलांसह तेथें येऊन राहावयाचें, म्हणजे ऐन वेळीं नदी आडवी येत नाहीं. सरकारी योजनांना नांवें ठेवणें सोपें असतें, पण हें नांव ज्यानें कोणीं ठेवलें त्याला बाईचें मन कळत होतें. माहेर म्हणजे जेथें काम सांगत नाहींत.

दुखणें मनाचें आहे अशी शंका आली तर जिल्हा सामान्य रुग्णालयांत जावें. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालीं ठरला व जिल्हावार योजना १९९६ पासून हळूहळू पसरली, तिच्यांतून तेथें मनोविकाराच्या उपचाराची सोय झाली. ‘टेलिमानस’ ही दूरध्वनीवरील सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठींतून बोलतां येतें. घरांत मारहाण होत असेल तर स्त्रियांसाठीं १८१, आणि गाडी हवी असेल तर १०८. बाई स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला अपाय करण्याची भाषा करूं लागली, तिला नसतें दिसूं-ऐकूं लागलें, किंवा तीन-चार रात्री झोपेवांचून जाऊन ती भलतेंच बोलूं लागली, तर तिला एकटीला ठेवूं नये व दुसरा दिवस उजाडण्याची वाट न पाहतां दवाखाना गांठावा. हा विकार थोड्यांना होतो, पण तो लवकर बळावतो. आणि वेळेवर उपचार झाल्यास उत्तम बरा होतो, हेंहि तितकेंच खरें. देवर्षाला बोलवावयाचें असेल तर घरच्यांनीं खुशाल बोलवावें. फक्त गाडी अडवूं नये.

कागदावर ही साखळी पुरी दिसते. अरण्यांत तिचे दुवे जागोजागीं सुटतात. डोंगरापलीकडच्या गांवांत दूरध्वनीला सूर लागत नाहीं. लागला तरी माडिया बोलणारी बाई पलीकडच्या मराठी बोलणाऱ्यास काय सांगणार? नवरा दुभाष्या झाला तर ज्या गोष्टी नवऱ्याविषयीं आहेत त्या गिळूनच टाकाव्या लागतात. त्यामुळें सारा भार पुन्हां त्याच गांवच्या बाईवर, आशेवर, येतो. ती त्या भाषेची, त्या पाण्यावर वाढलेली. सासूची नजर चुकवून दोन शब्द कसे बोलावेत हें तिला शिकवावें लागत नाहीं.

गडचिरोलीच्या खेड्यांत घडून देशभर गेलेल्या त्या गृहभेटीचा एक छापील नमुना आशेच्या पिशवींत असतो. त्यांतील बहुतेक रकाने बाळाचे आहेत : वजन, ताप, नाळ, डोळे, श्वास. आईविषयीं थोडे आहेत. ताप आहे काय, अंगावरून दुर्गंधी जातें काय, आणि ती असंबद्ध बोलते काय किंवा तिला झटके येतात काय. म्हणजे वेडाच्या टोंकाशीं पोंचलेली आई त्या कागदाला दिसते. छपराकडे पाहत जागी पडलेली दिसत नाहीं. खिन्नतेसाठीं किंवा झोपेसाठीं निराळा रकाना मूळ नमुन्यांत नाहीं. मात्र आईविषयींचा जो पहिलाच प्रश्न आहे तो असा आहे कीं, गेल्या चोवीस तासांत तिनें पोटभर किती वेळां जेवण केलें? आशा तो विचारते, पेन्सिल हातांत धरून उत्तराची वाट पाहते, आणि कांहीं घरांत उत्तराला बराच वेळ लागतो.